आपले ताट आपण उचलावे

मंडळी, आज सिंगापूरची गोष्ट सांगतो. हे समुद्रापलीकडचे शहर.

समजा, एखादा नवखा माणूस संध्याकाळी तिथे उतरला. भूक लागली आहे, ओळखीचे कुणी नाही. तो टेक्का बाजारात जातो. तिथे एकाच छपराखाली खाण्याचे कितीतरी गाळे. इकडे डोसा, तिकडे चिनी शेवया, पलीकडे बिर्याणी. पाटीवर आकडा असतो. आकडा वाचता आला, की भाव कळतो.

पूर्वी सिंगापुरात असे विक्रेते रस्त्याच्या कडेला बसत. तिथे नळ नव्हता, घाण साचे. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने त्यांना पक्के गाळे दिले, पाणी दिले. त्यांचा धंदा टिकला, रस्तेही स्वच्छ झाले.

पाहुण्याचे जेवण झाले. ताट तसेच टाकून निघाला तर? चालायचे नाही! साहेब असो की हमाल, आपले उष्टे ताट आपणच नेऊन मांडणीवर ठेवायचे. २०२१ पासून तिथे याची सक्ती आहे. न ऐकणाऱ्याला दंड होतो.

आता सांगा, आपल्या पंगतीत उष्टी कोण काढते? आपले उष्टे आपण उचलले, तर हात विटाळत नाही, मंडळी. दुसऱ्याचा मान राहतो.