कर्जाची वही आणि धम्माची दीक्षा

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांसमोर वर्षावासात दिलेले व्याख्यान)



आपणांपैकी पुष्कळांच्या घरातील देव्हारा आता उठला आहे. त्या जागी भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली आहे. नवस फेडणे थांबले, अंगात येणे थांबले, बकरे कापणे थांबले. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच घरात पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, एक वही असते. कोणाचे किती द्यावयाचे, व्याज किती थकले, हप्ता कोणत्या वारी येतो, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. देव्हारा गेला आणि वही मात्र राहिली. आज मी त्या वहीविषयी बोलणार आहे. ज्याची मान सावकाराच्या दारात खाली जाते, त्याला ताठ मानेने धम्म आचरणे कठीण जाते, असे माझे म्हणणे आहे. आपण ते ऐकून घ्यावे आणि आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

चार सुखे

धम्म म्हणजे संसार सोडलेल्यांची शिकवण, पैशाअडक्याशी तिचा काय संबंध, असा प्रश्न काही जण करतात. त्यांनी अनाथपिंडिकाला केलेला उपदेश पाहावा. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा मोठा व्यापारी, संसारी माणूस. त्याला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. आपल्या घामाने, न्यायाने मिळवलेले धन जवळ असणे हे पहिले सुख. त्या धनाचा स्वतः उपभोग घेणे आणि त्यातून सत्कृत्य करणे हे दुसरे. थोडे वा फार, कोणाचेही ऋण डोक्यावर नसणे हे तिसरे. आणि काया, वाचा व मन यांनी निर्दोष असणे हे चौथे व सर्वांत श्रेष्ठ. पालीत तिसऱ्या सुखाला ‘अनणसुख’ म्हटले आहे. कर्ज नसणे ही केवळ सोय आहे असे आपण समजतो; तथागतांनी तिची गणना सुखांत केली.

दुसऱ्या एका सुत्तात त्यांनी दरिद्री माणसाची स्थिती पायरीपायरीने मांडली आहे. गरिबीमुळे माणूस कर्ज काढतो. कर्जाला व्याज चढते. व्याज थकले की तगादा येतो. तगाद्यामागून घेणेकरी पाठीस लागतो आणि अखेरीस ऋणको बांधला जातो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन ऐकताना आपल्या गावातील कोणा ना कोणाचे घर डोळ्यांसमोर येत नाही काय?

आपल्याच डोंगरांतील साक्ष

हे शिक्षण दूरच्या मगधातून आलेले आहे, असेही कोणी समजू नये. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा येथील लेणी आपण पाहिली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, नाणेघाटातून व्यापाराचे तांडे चालत असता, ती कोरली गेली. त्यांतील शिलालेखांत दाने देणाऱ्यांची नावे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याचा लेख जुन्नरलाच आहे. याहून मोलाचा लेख दुसरा आहे. त्यात बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बांबूचे काम करणारा म्हणजे बुरूड. पुढील काळात जातिव्यवस्थेने ज्याला अस्पृश्य ठरवले, त्याच्या संघटनेकडे त्या काळी लोक विश्वासाने पैसा ठेवत होते. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवावयाचा, अशी त्याची अट होती. कष्टकऱ्यांनी एकत्र यावे, पैसा साठवावा, मुद्दलाला हात न लावता त्याचे फळ वापरावे, ही रीत या सह्याद्रीत धम्माबरोबरच नांदत होती. आपण कर्जबाजारी व्हावे हे आपल्या कपाळी लिहिलेले नाही. दगडावर लिहिलेले आहे ते याच्या उलट आहे.

खते जाळली, गरज राहिली

मग हे कर्ज आले कोठून? १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुढे १८८० नंतरच्या दशकात जुन्नर तालुक्यात सत्यशोधकांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. ओतूरच्या सत्यशोधकांनी भटजीवाचून लग्ने लावली, तेव्हा दक्षिणेचा हक्क सांगण्यासाठी जोशी न्यायालयापर्यंत गेले. सावकाराचे व्याज आणि लग्नाचा खर्च यांचे नाते जोतिरावांच्या अनुयायांनी आपल्याच तालुक्यात ओळखले होते.

परंतु जाळलेल्या खताच्या जागी नवे खत लिहिले गेले, कारण पेरणीला बी आणि आजाऱ्याला औषध यांची गरज जळली नव्हती. आपल्या लोकांची स्थिती तर याहून बिकट. महारकीचे वतन म्हणजे गावाची वेठ. वतनी जमिनीवर पोट भरेना, म्हणून सालगडी व्हावे, उचल घ्यावी आणि ती फेडता फेडता मुलगाही त्याच वाड्यावर राबावा. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा देशात १९७६ साली आला. कायद्याने बेडी तोडली. कर्ज मात्र ती पुन्हा घडवू शकते.

माझ्या घरची गोष्ट

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझ्या वडिलांनी १९५७ साली दीक्षा घेतली. वतन गेल्यावर रक्कम भरून जमिनीची एक पट्टी त्यांच्या नावे झाली. १९७१ साली थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. लग्न बौद्ध पद्धतीने लागले, त्रिशरण-पंचशील झाले. त्याला खर्च तो किती? परंतु भावकी नावे ठेवील म्हणून दोन दिवस पंगती उठल्या, वाजंत्री आली, मानपान झाले. त्यासाठी वडिलांनी आठशे रुपये शेकडा तीन दराने काढले आणि कोऱ्या मुद्रांकावर अंगठा दिला. पुढल्याच वर्षी दुष्काळ पडला. व्याज थकले. ती जमीन परवानगीवाचून विकता येत नव्हती. म्हणून सावकाराने व्याजापोटी ती कसावयास घेतली. नऊ वर्षे आमच्या पट्टीतील बाजरी दुसऱ्याच्या कणगीत गेली आणि मुद्दल आठशेचे आठशेच राहिले.

ते फेडले आईने. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, पुढे शेरडे पाळली आणि दर बाजारी दोन-तीन रुपये वेगळे बांधून ठेवले. खत परत मिळाले तेव्हा वडील ते फाडू लागले. आईने ते त्यांच्या हातून घेतले आणि पेटीत ठेवले. म्हणाली, “पोरांना दाखवायला राहू द्या.” तो कागद आजही माझ्याकडे आहे.

आजचा हिशेब

आजचा सावकार वाड्यातच बसतो असे नाही. तो दुचाकीवरून येतो. कोठे तो आठवड्याच्या हप्त्याची फायनान्स कंपनी असतो, कोठे फोनवर दोन मिनिटांत कर्ज देणारा असतो. ऊसतोडीला वा वीटभट्टीला जाणाऱ्याच्या हाती मुकादम उचल ठेवतो. तमाशाच्या फडातील कलावंताचा हंगामही पुष्कळदा उचलीतच अडकलेला असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळला की शेतकऱ्याबरोबर मजुराचीही उधारी वाढते.

म्हणून हिशेब करावयास शिका. पन्नास हजार रुपये ‘शेकडा पाच’ने घेतले असे समजा. पाच हा आकडा लहान वाटतो. परंतु तो महिन्याचा आहे. महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. वीस महिन्यांत पन्नास हजार व्याज दिले जाते आणि मुद्दलातील एक रुपयाही फिटत नाही. आता उलट बाजू पाहा. रोज पन्नास रुपये बाजूस ठेवले, तर वर्षाला अठरा हजार आणि तीन वर्षांत चौपन्न हजार होतात. जो माणूस महिन्याला अडीच हजार व्याज भरू शकतो, तो बचत करू शकत नाही असे कसे म्हणावे?

कायदाही जाणून घ्या. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याखाली शासनाने २०१४ मध्ये परवानाधारकांस दर ठरवून दिले: शेतकऱ्यास तारणावर वर्षाला शेकडा नऊ, विनातारण बारा, इतरांस तारणावर पंधरा, विनातारण अठरा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ होतात, हे ध्यानी ठेवा. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून अधिक घेता येत नाही. अवैध सावकारीत बळकावलेली जमीन चौकशीअंती परत मिळण्याची तरतूदही आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी करावी. कोऱ्या कागदावर व कोऱ्या धनादेशावर सही वा अंगठा देऊ नये, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी.

कोणते कर्ज, कशासाठी?

सर्वच कर्ज वाईट, असे मी म्हणत नाही. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले तेव्हा त्यांनीही नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले होते. परंतु त्या पैशाची त्यांनी विद्या केली आणि तेथे पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले. बियाणे, शेळी, शिवणयंत्र, शिक्षण, यांसाठी काढलेले कर्ज विचारपूर्वक घेतले तर स्वतःला फेडू शकते. मांडव, डीजे, दारू आणि मोठेपणा यांसाठी काढलेले कर्ज मात्र मुलांच्या ताटातून फेडावे लागते. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, लग्न ही जबाबदारी आहे. ती पेलण्याची आर्थिक शक्ती येईपर्यंत मुलांवर ती लादू नका. दारू सोडण्याची प्रतिज्ञा तर आपण दीक्षेतच घेतली आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. राग मानू नये. जयंतीची वर्गणी आणि विहाराचे दान हेही उसन्या पैशाने देऊ नये. दान आपल्या मिळकतीतून व्हावे. व्याजाने काढलेले दान देणाऱ्याच्या घरातील दुःख वाढवते.

आजारपणाचे कर्ज निराळे. त्याला कोण दोष देईल? परंतु मोठ्या उपचाराआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय बसते काय, याची चौकशी करा. धंद्यासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातील ही भीतीही सोडा. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही तो हक्क मान्य केला आहे. हक्काची दारे ठोठावा, मग सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी क्वचितच येईल.

वही कशी मिटवावी

सिगाल नावाच्या तरुणास भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले: एक उपभोगास, दोन कामधंद्यास आणि एक संकटकाळासाठी. मजुराच्या घरी चौथा भाग उरत नाही, हे मी जाणतो. मग विसावा भाग ठेवा. महिन्याला पंधरा हजार येत असतील तर साडेसातशे. वर्षाला नऊ हजार होतील आणि पहिल्या तापाला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

आज घरी गेल्यावर ती वही बाहेर काढा. पती-पत्नीने एकत्र बसून सारी देणी लिहावीत. बायकोपासून लपवलेले कर्ज सर्वांत लवकर वाढते. ज्याचे व्याज जड ते आधी फेडा. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज काढू नका. भिडेखातर कोणास जामीन राहू नका. माता-भगिनींनो, आपले बचत गट हे त्या प्राचीन श्रेणींचेच नवे रूप आहे. गटाचे व्याज गटातच राहते, ते आपल्याच घरी परत येते. मात्र ते कर्ज धंद्यास व शिक्षणास लावा, लग्नाच्या मांडवास नव्हे.

आणि आपण सर्वांनी मिळून एक ठरवू या. येत्या हंगामात गावातील बौद्ध विवाह एका दिवसात, साध्या जेवणात आणि कर्जावाचून व्हावेत. एकट्याने साधे लग्न केले तर लोक त्याला कंजूष म्हणतील. साऱ्या गावाने केले तर ती गावाची रीत होईल. भावकी नावे ठेवील या धाकाने माझ्या वडिलांनी नऊ वर्षे गमावली. तो धाक घालणारे आपणच असतो. म्हणून तो काढून टाकणेही आपल्याच हाती आहे.

धम्माने आपणांस कोणापुढे न वाकण्यास शिकवले. तो धडा आता त्या वहीच्या पानावरही उतरू द्या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.