अपत्यहीनता : दोष कोणाचा आणि उपाय कोणता

(मंडळाच्या कासा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



विद्यार्थ्यांस साहाय्य, वधूवर-सूचना, खर्चिक लग्नांस आळा हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय होत. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघांत उच्चारण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु ज्या घरी लग्नाला पाचसहा वर्षे लोटूनही पाळणा हललेला नाही, त्या घरी या विषयावाचून दुसरे बोलणे नसते. आणि ते बोलणे बहुधा एकाच व्यक्तीस, म्हणजे घरच्या सुनेस, ऐकून घ्यावे लागते. हा विषय संकोचाचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्या संकोचाची भिंत र. धों. कर्वे यांनी शतकापूर्वीच पाडली आहे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांनी नको असलेल्या संततीचा विचार निर्भयपणे मांडला. हव्या असलेल्या संततीचा विचार तितक्याच मोकळेपणाने मांडण्यास आपण कचरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे सहांतील एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. म्हणजे ही कोणा एका घरावर कोसळलेली अवकृपा नव्हे. मधुमेहासारखीच ती सर्वत्र आढळणारी आरोग्याची अडचण आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अशा जोडप्यांची नीट तपासणी केली असता सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण सापडते. कधी ते एकटेच असते, कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीला असते. असे असता आपल्याकडे तपासणी, औषधे, उपवास, नवस आणि दूषणे ही सर्व एकट्या स्त्रीच्या वाट्यास यावीत, हा कोणता न्याय?

पुरुषाच्या वीर्यात कोट्यवधी शुक्रजंतू असतात. त्यांपैकी गर्भाशय ओलांडून बीजवाहिनीपर्यंत पोहोचणारे जेमतेम काही शेकडा, आणि स्त्रीबीजात शिरणारा केवळ एक. निवडीचे हे काम निसर्ग स्वतःच करतो. शुक्रजंतूंची संख्या, त्यांची हालचाल अथवा त्यांची ठेवण यांत मोठी उणीव असेल, तर ही वाट कठीण होते. ही उणीव पुरुषाच्या अंगकाठीवरून, मिशीवरून वा दांपत्यसुखावरून ओळखता येत नाही. धडधाकट, कष्टाळू मनुष्याच्या वीर्यातही शुक्रजंतू नसू शकतात. ते केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

ही तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस संयम पाळून स्वच्छ बाटलीत नमुना द्यावयाचा, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि त्यांपैकी ४२ टक्के हालचाल करणारे, अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. त्याहून आकडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे; आणि एका अहवालावर निकालही देऊ नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम तेवढा काळ दिसतो. यास्तव दोष आढळल्यास पुन्हा तपासणी करतात. या उलट स्त्रीच्या बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहावयाचे तर क्ष-किरण अथवा दुर्बीण यांवाचून भागत नाही. जी तपासणी कमी कष्टाची, ती आधी करावी, हे साध्या व्यवहारज्ञानालाही पटण्यासारखे आहे.

पुरुषाकडील कारणांपैकी पुष्कळ टाळण्याजोगी अथवा बरी होण्याजोगी असतात. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेले गालगुंड, जंतुसंसर्ग, तंबाखू आणि दारू ही त्यांपैकी काही होत. तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे की, व्यायामशाळेत अंग कमावण्यासाठी घेतलेली पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती बंद पाडतात. मातांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. तान्ह्या मुलाचे वृषण खाली उतरलेले नसेल, तर ‘मोठा झाल्यावर उतरेल’ म्हणून स्वस्थ न बसता वर्षाच्या आत त्यास डॉक्टरांस दाखवावे. स्त्रीकडील कारणांत बीजवाहिन्यांचा क्षयरोग आपल्या देशात दुर्लक्षून चालणार नाही. तो खोकल्यावाचूनही आत घर करून राहतो. थायरॉईडचा विकार आणि बीज वेळेवर न सुटणे, हीही नेहमी आढळणारी कारणे आहेत.

आता प्रयोगशाळेतील निवडीविषयी. आजकाल जाहिरातींत ‘उत्तम शुक्रजंतू निवडून देतो’ अशी वाक्ये वाचावयास मिळतात. त्यांचा खरा अर्थ समजून घेतला पाहिजे. वीर्य धुऊन, विशिष्ट द्रवातून फिरवून अथवा वर पोहत येणारे शुक्रजंतू वेगळे करून सशक्त शुक्रजंतू गोळा करतात. ते बारीक नळीने गर्भाशयात सोडणे ही सर्वांत साधी रीत. तीस आययूआय म्हणतात. स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत दोहोंचा संयोग घडविणे ही दुसरी. शुक्रजंतू अगदीच थोडे असतील, तर एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडतात. ‘इक्सी’ नावाची ही पद्धत १९९२ साली ब्रसेल्स येथील संशोधकांनी जगापुढे मांडली. वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसले तरी पुष्कळदा ते वृषणातून सुईने काढता येतात. ज्या पुरुषांस पूर्वी ‘उपाय नाही’ असे सांगून परत पाठवीत, त्यांच्यासाठी हे मोठेच दार उघडले आहे.

परंतु सुईच्या टोकाशी कोणता शुक्रजंतू घ्यावा, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. एका विशिष्ट द्रव्यास चिकटणारे शुक्रजंतू अधिक पक्व असतात, या तत्त्वावर ब्रिटनमध्ये २,७०० हून अधिक जोडप्यांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. नव्या निवडीने २७.४ टक्के आणि नेहमीच्या रीतीने २५.२ टक्के जोडप्यांस पूर्ण दिवसांचे अपत्य झाले. हा फरक निर्णायक मानता येत नाही असे संशोधकांनीच नमूद केले. नव्या रीतीत गर्भपात कमी झाले, ही त्यातील विचार करण्याजोगी गोष्ट. तात्पर्य, जादा पैसे घेऊन निवडीची हमी देणाऱ्यास ‘याने मूल होण्याची शक्यता किती वाढते, आणि त्यास पुरावा काय?’ असे विचारावे. सर्व रीतींत यशाचा मोठा आधार स्त्रीचे वय हाच असतो. म्हणूनच पुरुषाने तपासणी टाळण्यात घालविलेली वर्षे स्त्रीच्या आयुष्यातून वजा होतात.

या शास्त्राचा एक थोर अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला, हे आपणांस अभिमानास्पद आहे. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचा उगम १९५४ साली गर्भनिरोधक साधनांची तपासणी करण्यासाठी झाला. पुढे त्याच संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. मध्ये प्रयोगशाळेत फलन झालेली कन्या जन्मास आली. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच असे यश मिळविले होते. पण त्यांची उपेक्षा झाली आणि १९८१ साली त्यांनी जीवनयात्रा संपविली. त्यांची टिपणे पाहून प्रथमत्वाचा मान त्यांचाच, असे १९९७ साली जाहीरपणे सांगणारे स्वतः आनंद कुमार होते. विद्वत्तेइतकीच ही सचोटीही आपण मुलांस सांगावी. त्याच परळच्या संस्थेच्या देखरेखीखाली ग्रामीण आरोग्य संशोधनाचे एक केंद्र आपल्या डहाणूस आहे. शास्त्र आपल्या तालुक्यापर्यंत आले आहे. आपण मात्र त्याच्या दारापर्यंत जात नाही.

कायद्याचीही माहिती हवी. शुक्रजंतूंच्या निवडीच्या नावाखाली मुलगा की मुलगी हे ठरविणे हा गुन्हा आहे. गर्भलिंगतपासणीस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, साऱ्या देशाच्या आधी केला. १९९४ चा केंद्रीय कायदा २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या निवडीसही लागू झाला. साहाय्यक प्रजननाचा २०२१ चा कायदा सांगतो की, असे उपचार नोंदणीकृत केंद्रातच व्हावेत आणि त्यातून जन्मलेले अपत्य त्या दांपत्याचेच मानावे. दात्याचे शुक्रजंतू घेतले तरी त्या अपत्याच्या हक्कांत काही उणे नाही. तेव्हा ज्ञातीनेही त्याच्या कुळाची चौकशी करू नये.

चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस बोलणाऱ्यांस आमचा विरोध नाही. श्रद्धा मनास धीर देते. मात्र नवस फेडण्याची वाट पाहण्यात तपासणीची वर्षे दवडू नयेत. लग्नास एक वर्ष झाले आणि संतती हवी असूनही दिवस राहिले नाहीत, अथवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असता सहा महिने गेले, तर पतिपत्नींनी एकत्र उपजिल्हा रुग्णालयात जावे. कासा येथे ते आहे, डहाणूसही आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांस कोणती तपासणी कोठे होईल हे विचारून घ्यावे. जे पती कामासाठी महिनोन् महिने बाहेरगावी अथवा बोटीवर असतात, त्यांनी तेही डॉक्टरांस सांगावे. कारण दोघे एकत्र नसताना मूल न होणे हा आजार नव्हे.

अखेरीस मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संतती नाही म्हणून मतभेदाचे प्रकरण पंचांपुढे आले, तर दोघांचेही अहवाल पाहिल्याखेरीज त्यास हात घालू नये. अपत्य नसणे हे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचे कारण मानलेले नाही, आणि पत्नी असता दुसरा विवाह त्याच कायद्याने निषिद्ध आहे. दुसरी, हळदीकुंकू, ओटीभरण, डोहाळजेवण यांत अपत्यहीन भगिनीस मानाने बोलवावे आणि ‘वांझ’ हा शब्द आपल्या घरांतून कायमचा हद्दपार करावा. तिसरी, ज्यांनी उपचार घेऊनही यश आले नाही, त्यांस दत्तकाचा कायदेशीर मार्ग समजावून सांगावा, आणि ज्यांस मुलावाचूनच संसार करावयाचा आहे, त्यांस सुखाने राहू द्यावे.

सासूबाईंनी सुनेला घेऊन दवाखान्यात जाण्यापूर्वी आपल्या मुलास ‘तूही चल’ एवढे म्हटले, तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.