ठेवपावतीवर लेकीचं नाव

मैत्रिणींनो, खडकीतलीही मुलं अमेरिकेत शिकायला जातात आणि तिथंच नोकरीला लागतात. विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच वर्षं तिथल्या करखात्याला तिथलीच कमाई दाखवायची असते. नोकरीचा एच-वन-बी व्हिसा बहुधा १ ऑक्टोबरला सुरू होतो. मग सहसा पुढच्या वर्षापासून भारतातलं व्याजही दाखवावं लागतं.

आता बघा, तुमच्या ठेवपावतीवर सोय म्हणून लेकीचं नाव घातलंय ना? पैसे तुमचेच. तरी तिच्या नावाची इथली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरांवर गेली, तर तिला ती तिथल्या सरकारला कळवावी लागतात. ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेल्यांच्या घरी फंड ठेवला की एवढं सहज होतं. नुसतं कळवण्याला कर नाही, राहून गेलं तर दंड मात्र जबर. पासबुकाचे, पावत्यांचे फोटो तिला जानेवारीतच पाठवा. तिथली मुदत १५ एप्रिल.