फुकटची, पण कामाची: मोबाईलमधली अवजारं
(संघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अवजारांचा. अशी अवजारं हजारोंनी आहेत. सगळी सांगत बसले तर तुमच्या शेवटच्या गाड्या चुकतील. म्हणून मी निवड करून आणलीय. ज्यानं आपला पैसा वाचतो आणि फसगत टळते ते आधी सांगते, आणि ज्यात नुसती गंमत आहे ते मागाहून. कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. संघाच्या ऑफिसात एक आहेच, आणि यातलं जवळजवळ सगळं साध्या स्मार्टफोनवर चालतं.

सुरुवात कर्जाच्या हिशेबापासून करू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो.

समजा, कोणी तुम्हाला 50,000 रुपये कर्ज देतंय. मुदत 24 महिने, व्याज 12 टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण 12 टक्के कशावर, हे विचारलंत का? दोन पद्धती असतात. एकीत व्याज मूळ रकमेवर शेवटपर्यंत लावतात, त्याला 'फ्लॅट' म्हणतात. दुसरीत जेवढं कर्ज उरलंय तेवढ्यावरच व्याज, त्याला 'रिड्युसिंग' किंवा घटत्या शिल्लकीवरचं व्याज म्हणतात.

फ्लॅटमध्ये 50,000 वर वर्षाला 6,000, दोन वर्षांचे 12,000. एकूण फेड 62,000. हप्ता 2,583 रुपये. घटत्या शिल्लकीवर तेच 12 टक्के लावले तर हप्ता 2,354 येतो आणि दोन वर्षांत एकूण व्याज 6,488 रुपये. दर एकच, मुदत एकच, आणि फरक साडेपाच हजारांचा.

हे असं का होतं ते बघा. फ्लॅटच्या हप्त्यात 2,083 रुपये मुद्दल असतं आणि 500 रुपये व्याज. पहिल्या महिन्यात ठीक आहे, तुमच्याकडे त्यांचे 50,000 आहेत. पण चोविसाव्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे फक्त 2,083 उरलेत, आणि व्याज मात्र तेच 500. म्हणजे त्या एका महिन्याला शेकडा 24! गावच्या सावकारालाही हा भाव लाज आणील.

हा हिशेब तोंडी करायची गरज नाही. 'गुगल शीट्स' नावाचं फुकट हिशेबपत्रक आहे, चौकोनांची वही समजा. एका रिकाम्या चौकोनात आधी बरोबरचं चिन्ह टाका. मग इंग्रजीत आर, ए, टी, ई ही चार अक्षरं. मग कंस उघडा. त्यात हप्त्यांची संख्या 24, स्वल्पविराम, वजाचं चिन्ह लावून हप्ता 2583, स्वल्पविराम, हातात मिळालेली रक्कम 50000. आकड्यांच्या मधे स्वल्पविराम टाकायचा नाही, फक्त दोन आकड्यांना वेगळं करायला टाकायचा. कंस बंद. पुढे चांदणीचं चिन्ह आणि 12. उत्तर 0.2157 च्या आसपास येईल, किंवा सरळ टक्क्यांत दिसेल. म्हणजे तोंडी सांगितलेलं 12 टक्के खरं तर साडेएकवीस टक्क्यांचं कर्ज आहे.

आणि 'हातात मिळालेली रक्कम' असं मी मुद्दाम म्हणतेय. 50,000 मंजूर करून फी आणि विमा कापून 48,500 हातात दिले असतील, तर तिथे 48500 लिहा. दर आणखी वर चढलेला दिसेल.

रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. बँक असो की मायक्रोफायनान्स कंपनी, सूक्ष्म कर्ज देताना सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर दाखवणारा साधा तक्ता कर्जदाराला द्यायचा, आणि कर्जाचं कार्ड तिला समजेल अशा भाषेत द्यायचं. तो मागायचा तुमचा हक्क आहे. मागितल्यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्या.

एक कडू गोष्ट पण बोलते. हे सूत्र आपल्या गटाच्या अंतर्गत कर्जालाही लावून बघा. 'शेकडा दोन' म्हणताना ते उरलेल्या रकमेवर धरता की मूळ रकमेवर? आपल्याच बाईकडून आपणच फ्लॅट व्याज घेत असू, तर दुसऱ्याला काय बोलणार. पुढच्या बैठकीत विषय घ्या.

आता कागद वाचण्याचं. कर्जाचे, विम्याचे, औषधाच्या बाटलीवरचे, फवारणीच्या डब्यावरचे कागद इंग्रजीत असतात आणि आपण 'सही कुठे करू' एवढंच विचारतो. 'गुगल ट्रान्सलेट' किंवा 'गुगल लेन्स' उघडा, कॅमेऱ्याचं चित्र दाबा, कागदावर धरा, भाषा मराठी निवडा. इंग्रजी ओळींच्या जागी मराठी ओळी दिसायला लागतात. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

पण ही जादू अर्धीकच्ची आहे हे ध्यानात ठेवा. आकडे आणि तारखा बहुतेक बरोबर येतात, कायद्याची लांबलचक वाक्यं मात्र बिघडतात. क्वचित 'नाही' गळून पडतं आणि अर्थ उलटा होतो. त्यामुळे यंत्रानं सांगितलं म्हणून सही करायची नाही. त्याचा उपयोग एवढाच, की कोणत्या ओळीबद्दल प्रश्न विचारायचा ते कळतं. 'ही प्रोसेसिंग फी कशाची? हा विमा माझा की तुमचा? मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का?' बाई असं ओळीवर बोट ठेवून विचारायला लागली की समोरच्याची बोलण्याची पद्धत बदलते. औषधाचा डोस मात्र यंत्राला विचारू नका, आशाताईंना किंवा औषध दुकानदाराला विचारा.

आणि फोटो काढताना कागदावरच्या आधार क्रमांकावर आणि खाते क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवा. तो फोटो वाचायला कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जातो.

इथेच मी तुम्हाला फुकट अवजारं पारखायची रीत सांगते. फुकट आहे का, हे दुसऱ्यांदा विचारा. आधी विचारा, मी यात काय टाकतेय? पापडाचा फोटो टाकत असाल तर खुशाल टाका, जगानं बघावा म्हणूनच तो काढलाय. आधार, पासबुक, जमिनीचा कागद टाकत असाल तर थांबा.

याचं रोजचं उदाहरण देते. ऑनलाइन फॉर्म भरताना 'फोटो 50 केबीच्या आत हवा' असं येतं आणि आपला फोटो असतो 4 एमबी. मग मुलं कुठलीतरी अनोळखी वेबसाइट उघडतात आणि सहीचा, आधारचा, मार्कशीटचा फोटो तिथे चढवतात. तो कुठे गेला, कोणी ठेवला, कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा 'स्क्वूश' वापरा. स्पेलिंग असं: एस, क्यू, यू, ओ, ओ, एस, एच, मग डॉट, मग ॲप. हे गुगलच्या लोकांनी बनवलंय आणि याची खासियत म्हणजे फोटो तुमच्या फोनच्या बाहेर जातच नाही, लहान करायचं काम तुमच्याच फोनमध्ये होतं. पान पूर्ण उघडलं की इंटरनेट बंद करून बघा, तरी चालतं. मधे एक रेघ असते, तिच्या एका बाजूला जुना फोटो, दुसऱ्या बाजूला नवा. 'रीसाइझ' वर टिक करून रुंदी कमी करा, मग 'क्वालिटी'ची पट्टी मागे ओढा. खाली किती केबी झाले ते लगेच दिसतं. चेहरा ओळखू येतोय तोवर ओढत जा.

आधारचं म्हणाल, तर आधारच्या सरकारी साइटवर 'मास्क्ड आधार' फुकट मिळतं. त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. जिथे चालतं तिथे तेच द्या.

आजवर आपण आधारच्या किती झेरॉक्स वाटल्या असतील? सिमवाल्याला, फ्रिजच्या हप्त्यावाल्याला, योजनेचा फॉर्म भरणाऱ्याला. त्या झेरॉक्सवर कोणी सिमकार्ड काढलं असेल का, हे बघायची सोय सरकारनं 2023 मध्ये सुरू केली. 'संचार साथी' नाव. तिथे 'माझ्या नावावरची मोबाईल कनेक्शन' असा भाग आहे. आपला नंबर टाकायचा, ओटीपी येतो तो टाकायचा, आणि आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी समोर येते. अनोळखी नंबर दिसला की 'हा माझा नंबर नाही' निवडून कळवायचं. मुलाचं सिम तुमच्या नावावर असेल तर तोही नंबर दिसेल, घाबरून तो बंद करू नका. फोन हरवला तर तो कुठल्याच सिमवर चालू नये म्हणून बंद करायची सोयही तिथेच आहे.

'ओटीपी कोणाला देऊ नका म्हणता आणि इथे टाका म्हणता?' बरोबर शंका आहे. फोनवर मागणाऱ्या माणसाला ओटीपी द्यायचा नाही. इथे पान आपण स्वतः उघडलंय आणि आपल्याच हातानं टाकतोय. फक्त पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना, ते बघा. आणि पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आता मालाच्या विक्रीकडे येऊ. आपल्या मसाल्याचा फोटो आपण ओट्यावर काढतो, मागे गॅसची नळी, लटकलेलं फडकं, मांजर. 'रिमूव्ह डॉट बीजी' नावाची साइट मागचं सगळं पुसून फक्त पाकीट ठेवते. फुकटात लहान आकाराचा फोटो मिळतो, व्हॉट्सॲपवर पाठवायला तेवढा पुरतो. काचेच्या बरणीला मात्र ती फसते, कारण बरणीतून मागचं दिसतं. लोणचंवाल्या तायांनी मागे पांढरी चादर लावूनच फोटो काढावा. मग 'कॅनव्हा'त लेबल करा, मराठी अक्षरं चालतात. लेबल कितीही सुंदर झालं तरी अन्नपरवान्याचा 14 आकडी क्रमांक, वजन, किंमत आणि तारीख विसरू नका.

पाकिटावर क्यूआर कोड छापायचा असेल तर सावध. फुकट क्यूआर देणाऱ्या काही साइट असा कोड देतात, जो थोडे दिवस चालतो आणि मग बंद पडतो, चालू ठेवायला पैसे मागतात. तोवर तुमची हजार पाकिटं छापून झालेली असतात. त्यापेक्षा आपलं पान क्रोममध्ये उघडा आणि शेअरच्या बटणात क्यूआर कोड निवडा. त्यात पत्ताच भरलेला असतो, त्याला मुदत नाही.

बैठकीचं इतिवृत्त लिहायचा कंटाळा येतो, त्या सचिवांसाठी एक. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. नावं आणि आकडे तेवढे तपासा. आणि शेतात जाणाऱ्या तायांनी 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय, आजूबाजूला वीज पडायची शक्यता असेल तर सूचना येते.

गंमतीचं राहिलं. 'रेडिओ गार्डन' म्हणून एक साइट आहे, नेदरलँडमध्ये 2016 साली निघाली. उघडलं की पृथ्वीचा गोळा दिसतो, त्यावर हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एका गावाचं रेडिओ केंद्र. बोटानं गोळा फिरवायचा, ठिपक्यावर थांबायचं, की तिथे या क्षणी जे चाललंय ते ऐकू येतं. आफ्रिकेतल्या गावातल्या सकाळच्या गप्पा, कुठल्या बेटावरचं गाणं. भाषेचं अक्षर कळत नाही, पण पापड लाटताना हात मस्त चालतात. यातून एक रुपया सुटत नाही, आणि तरी मी ते यादीत ठेवलंय.

मंगळवारी दुपारी 2 वाजता संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर मोकळा ठेवलाय. आपापल्या कर्जाचा खरा दर काढून बघू. येताना कर्जाचं कार्ड आणि चष्मा आणा. आधार कार्ड घरीच राहू द्या, त्याची गरज नाही.