गाडी चढणीला अडखळते तेव्हा

(पाली, जि. रत्नागिरी : वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या गावात इंजिनावर बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता इथेच फुटतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप रात्री वाशीकडे धावतात, मासळीच्या गाड्या नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतात. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यात गाडी गॅरेजला अडकली की भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. इंजिन अडखळलं की आधी मोजा, मग पार्ट बदला.

होतं नेमकं उलटं. ड्रायव्हर सांगतो, ‘गाडी ओढत नाही, मिसिंग मारते.’ लगेच निकाल लागतो, ‘नोझल गेले.’ चार नोझल, म्हणजे इंजेक्टर, बदलले तरी गाडी तशीच. मग पंप, मग टर्बो. आणि शेवटी कळतं की होज पाइपला चीर होती. मालकाचे हजारो रुपये गेलेले असतात आणि काढलेले चांगले पार्ट भंगारात पडलेले असतात.

सुरुवात ड्रायव्हरला विचारण्यापासून करावी. झटके गाडी थंड असताना येतात की तापल्यावर? रिकामी असताना की फक्त भरलेली असताना? धूर कसला येतो? शेवटचं डिझेल कुठे भरलं, की कॅनमधून ओतलं? इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं तर होत नाही ना? तसं असेल तर इंजिन निर्दोष आहे, क्लच घसरतोय. या एका प्रश्नाने कित्येक इंजिनं उघडायची वाचतात.

आता यंत्राकडे वळू. आपल्या रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारी बोलेरो पिकअप घ्या. 2523 सीसीचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. डिझेलला स्पार्क प्लग नसतो; दाबून तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा पडतो आणि पेट घेतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि जादा हवा आत कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. सांगायचा मुद्दा असा, की गाडी ओढायला हवा आणि इंधन दोन्ही मापात लागतात, आणि कमी काय पडतंय हे बहुतेक वेळा धूरच सांगतो. चढणीला काळा धूर येत असेल तर इंधन पोचतंय, हवा कमी पडतेय. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर इंधनाकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. मात्र 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत धुराची काजळी बहुधा फिल्टरमध्येच अडकते. तिथे धुरावर भिस्त न ठेवता इंजिनाच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावावाच लागतो.

हवेच्या बाजूचा सर्वांत फसवा दोष म्हणजे टर्बो आणि हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या मधला रबरी होज. क्लॅम्पच्या खालीच त्याला चीर पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, कितीही बघा, दिसत नाही. भरलेली गाडी घाटाला लागली, टर्बोचा दाब वाढला, की ती उघडते आणि हवा फुस्स करून बाहेर जाते. ऐकू येते ती बारीक शिट्टी. सांध्याशी ऑइलचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर होज काढून बोटांनी वाकवून बघा. एवढ्याला दहा मिनिटं पुरतात.

आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ आहे, त्यात महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कामांनी भर घातली. एअर फिल्टरचं झाकण काढा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, बाजूने पांढरं फडकं फिरवा. फडकं लाल झालं तर फिल्टर नीट बसलेला नाही. ती धूळ टर्बोच्या पंख्याची पाती झिजवते. असा फिल्टर नुसता हवा मारून परत बसवणं मला तरी मान्य नाही.

मग स्कॅनर. इंजिन बंद, चावी ऑन, आणि टर्बोचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरचा आकडा वाचा. तो त्या वेळी बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, इथे साधारण 100 किलोपास्कल. आकडा भलताच असेल तर टर्बोला हात लावू नका, सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. स्कॅनरवर पी 0299 हा कोड आला म्हणजे टर्बो गेला, असा समज पक्का बसला आहे. तो कोड फक्त एवढंच सांगतो की हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. दाब कुठे गळतोय, ते आपणच शोधायचं.

इंधनाच्या बाजूला आधी डिझेल फिल्टर बघा. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. खालचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत काढलं की पाणी तळाशी वेगळं दिसतं. फिल्टर चोक झाला असेल तर गाडी सपाटीवर गुमान चालते आणि चढणीला झटके देते. त्यानंतर कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी, तिच्यातला कंप्युटरने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे शेजारी ठेवून भरलेल्या गाडीची ट्रायल घ्या. दोन्हींत फरक वाढत गेला तर दोष फिल्टर, पंप, दाबाचा व्हॉल्व्ह किंवा गळक्या इंजेक्टरमध्ये आहे. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि इंजिन थोडा वेळ चालवा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा फारच लवकर भरली, तर तो इंजेक्टर झिजलाय. बाकीच्या तिघांना हात लावायचं कारण नाही. नवा बसवल्यावर बहुतेक गाड्यांत त्याच्यावरचा कोड कंप्युटरमध्ये भरावा लागतो. ते राहिलं तर मिसिंग तसंच राहू शकतं. आणि चारही इंजेक्टर चांगले निघाले, तर कॉम्प्रेशन तपासायचं.

इथे मला थोडं थांबायचं आहे. जुन्या इंजिनांत आपले मिस्त्री चालू गाडीवर एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करून बघायचे. आवाज बदलला नाही, की तोच सिलिंडर मेलेला. परीक्षा अचूक होती आणि ती करणाऱ्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण कॉमन रेलवर हे करू नका. इंजिन चालू असताना त्या पाइपात शेकडो बारचा दाब असतो, जोर लावल्यावर हजाराच्याही पुढे जातो. तिथून निसटलेली डिझेलची धार कातडी भोसकून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. बोट, कधी हातही गमवावा लागतो. असं घडलं तर मलमपट्टी करून वाट बघू नका. लगेच मोठ्या इस्पितळात जा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा, हात नव्हे. सिलिंडर एकेक करून बंद करायची सोय बऱ्याच स्कॅनरमध्ये असते. जे काम पूर्वी पाना करायचा, ते आता एका बटणावर होतं.

सीएनजीच्या छोट्या गाड्यांचं थोडक्यात सांगतो. तिथे प्लग आणि कॉइल आहेत, त्यामुळे मिसिंगचा शोध तिथूनच सुरू करावा, विशेषतः पावसाळ्यात.

गाडीमालकांना माझी विनंती आहे. पार्ट बदलायला सांगितलं की कुठला आकडा बघून ते ठरवलं, हे विचारा. काढलेला पार्ट मागून घ्या. मृग लागायच्या आत डिझेल फिल्टरचं पाणी काढा. आणि गॅरेजवाल्या मित्रांनो, तुमच्याकडे सोळा-सतरा वर्षांची पोरं काम शिकायला येतात. त्यांना चालू इंजिनाच्या रेल पाइपला हात लावू देऊ नका.