आकाशवाणीचे मौन आणि नाशिकची बिनविरोध निवडणूक

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नोव्हेंबर १९६२ चा तिसरा आठवडा. से ला गेली होती, बोमदिला पडले होते आणि चिनी फौजा आसामच्या मैदानाच्या तोंडाशी येऊन ठेपल्या होत्या. अशा वेळी पंडित नेहरूंचे भाषण आकाशवाणीवरून प्रसारित झाले. आसामच्या जनतेसाठी आपले अंतःकरण व्याकूळ झाले आहे, अशा आशयाचे उद्गार पंतप्रधानांनी काढले. आसामात त्याचा अर्थ असा घेतला गेला की, दिल्लीने आपला निरोप घेतला. तो सल तिकडे आजही पुरता गेलेला नाही.

हे भाषण महाराष्ट्रानेही ऐकले. ज्याच्या घरी रेडिओ नव्हता त्याने शेजाऱ्याच्या ओटीवर, चावडीवर, हॉटेलाच्या दारात उभे राहून ऐकले. ऐकणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न येणे अपरिहार्य होते. १२ ऑक्टोबरला कोलंबोला निघताना हेच पंतप्रधान पत्रकारांना सांगत होते की, चिन्यांना आपल्या भूमीतून हुसकावून लावण्याचे आदेश सैन्याला दिलेले आहेत. २० ऑक्टोबरला आक्रमण झाले आणि पुढच्या महिन्याभरात आसामची चिंता वाहण्याची पाळी आली. हे कसे घडले? वृत्तपत्रांनी हा प्रश्न विचारला, संसदेने विचारला. ध्वनिक्षेपकासमोर बसून तो विचारणारा माणूस मात्र देशात नव्हता. असणे शक्यच नव्हते. आकाशवाणी हे सरकारचे एक खाते होते आणि तिथला निवेदक सरकारी नोकर. त्या निवेदकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष व्यवस्थेचा होता, आणि ती व्यवस्था कोणी घडवली हे पाहण्यासारखे आहे.

त्याआधी बरोबर वीस वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९४२ मध्ये, मुंबईत एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सहकारी जागा बदलत बदलत ते चालवीत. महायुद्ध चालू होते, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. अशा वेळी चितगाववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूर येथे झालेले अत्याचार या बातम्या ‘काँग्रेस रेडिओ’ने देशाला ऐकवल्या. सरकारी ‘ऑल इंडिया रेडिओ’ला ही मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. तीन महिने पुरते होण्याआधीच, १२ नोव्हेंबरला, धाड पडली आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. युद्ध चालू असताना सरकारच्या कारभारावर रेडिओवरून टीका करणारा आवाज या महाराष्ट्रात उठला होता, तो हा. पुढे ज्या पक्षाच्या नावाने तो आवाज उठला, तोच पक्ष सत्तेवर आला आणि इंग्रजांनी बांधलेली सरकारी नभोवाणी त्याने जशीच्या तशी चालवली. नाव मात्र ‘आकाशवाणी’ झाले!

युद्धकाळात टीका म्हणजे राष्ट्रद्रोह, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही सर्व पक्षांत आहेत. त्यांनी १९६२ ची संसद आठवावी. जनसंघाचे तरुण राज्यसभा सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी अधिवेशन तातडीने बोलावण्याची मागणी केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरले. शत्रू सीमेच्या आत असताना लोकसभेत १६५ सदस्य बोलले. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना आली होती. ती नेहरूंनी मानली नाही. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी कृष्ण मेनन मंत्रिमंडळातून गेले होते आणि त्यासाठी दडपण केवळ विरोधकांचे नव्हते, काँग्रेसच्या खासदारांचेही होते. या टीकेने सैन्याचे धैर्य खचले असे कोणी दाखवून दिलेले नाही. सैनिकाच्या पायात बर्फाचे बूट नव्हते, हातात जुनी रायफल होती. हे त्याला संसदेतून कळायचे होते थोडेच?

सरकारी रेडिओने पराभव पचू दिला नाही तसा पराक्रमही कळू दिला नाही. १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊँच्या एका कंपनीने, मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली, चिन्यांच्या लाटांमागून लाटा अंगावर घेतल्या. सुमारे १२० जवान होते. त्यांतील शंभरावर धारातीर्थी पडले. वाचलेल्या मूठभरांची हकीकत सुरुवातीस कोणाला खरी वाटेना. १९६३ च्या प्रारंभी, हिवाळा सरता सरता, ते देह मोर्चातच शस्त्रांसह गोठलेले सापडले, तेव्हा देशाला कळले. हातात शस्त्र घेऊन मेलेल्या माणसांची साक्ष लागावी, इतका जिवंतांच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. अपयश झाकण्याची सवय लागली की यशही झाकले जाते.

अशा वेळी श्रोता काय करतो? तो काटा फिरवतो. बीबीसी लावतो. पेकिंग रेडिओ तर हिंदीतूनही बोलत होता.

आता नाशिककडे येऊ. हे शहर युद्धाकडे दुरून पाहणारे नाही. सैनिकीकरणाचा आग्रह आयुष्यभर धरणारे स्वातंत्र्यवीर सावरकर येथून जवळच्या भगूरचे. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय उभे केले ते येथेच, आणि देवळालीच्या तोफखान्याचा आवाज येथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे सारा महाराष्ट्र म्हणाला, आणि १९६३ मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. विरोधी पक्षांनी उमेदवार दिला नाही. राष्ट्र संकटात असताना पक्षभेद बाजूला ठेवण्याचा तो विवेक होता आणि तो योग्यच होता. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या मतदारसंघात नवा संरक्षणमंत्री उभा होता, तेथे प्रचारसभा झाल्या नाहीत. पंचशीलाचे काय झाले, चीनने १९५७ मध्येच अक्साई चीनमधून रस्ता पुरा केला असता संसदेला ते १९५९ मध्ये का कळले, हे नाशिकच्या मतदाराने व्यासपीठासमोर बसून विचारायचे राहून गेले. रेडिओ मुका होता. निवडणूकही मुकी झाली.

मग चौकशी झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. त्यांच्याकडे सोपवलेले विषय पाहा: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांचा प्रभाव. सारे लष्करी. धोरण ठरवणाऱ्या मंत्र्यांची चौकशी त्यात नव्हती. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्याविषयी निवेदन केले आणि अहवाल प्रसिद्ध केल्यास सुरक्षेला व सैन्याच्या मनोधैर्याला बाधा येईल, म्हणून तो प्रसिद्ध करता येत नाही, असे सांगितले. 

नंतरच्या काळाविषयी थोडक्यात. आणीबाणीत आकाशवाणीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी प्रथमच विरोधी पक्षांना निवडणुकीसाठी आकाशवाणीवर वेळ दिला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. खासगी एफएम आले, नाशकातही आले. तेथला रेडिओ जॉकी रस्त्यातल्या खड्ड्यांवर दिवसभर टोमणे मारू शकतो. पण वाहिनीला स्वतःची बातमी देण्याची मुभा नाही. २०१९ पासून आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, इतकेच. केंद्र वा राज्य सरकारवर शत्रुत्वाची टीका नको, हे आकाशवाणीच्या संहितेतील कलम या वाहिन्यांनाही लागू आहे. काँग्रेसने ठेवलेले हे कुलूप नंतरच्या कोणत्याही सरकारने काढले नाही, आपल्या विचारांच्या सरकारनेही नाही. हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल.

दार उघडले की काही बिघडत नाही, हे मात्र वाजपेयी सरकारने दाखवले. कारगिलची लढाई जुलै १९९९ मध्ये संपली. त्याच महिन्यात के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग वगळून का होईना, अहवाल संसदेपुढे ठेवला गेला. गुप्तचर यंत्रणा कोठे चुकल्या ते त्यात लिहिले आहे. लष्कर त्यामुळे दुबळे झाले नाही.

हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने उघड केला. अशी कागदपत्रे अनंतकाळ दडवून ठेवता येणार नाहीत, असे अरुण जेटली यांनी तेव्हा विरोधी बाकांवरून लिहिले. जुलै २०१४ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी राज्यसभेत उत्तर दिले की, अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. जेटलींचे मार्चमधले म्हणणे जुलैमधल्यापेक्षा बरोबर होते.

१९६२ मध्ये विशीत असलेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे. चव्हाणांनी संरक्षणमंत्री या नात्याने २ सप्टेंबर १९६३ ला जे दार लावले, ते उघडावे अशी मागणी नाशिकच्या खासदाराने लोकसभेत करावी. तो कोणत्या पक्षाचा आहे, हे येथे गौण आहे. येथे बसलेल्या प्रत्येकाने त्याला तसे एक पत्र लिहावे.