बेगमीचे घर

(कोल्हापूर येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



२०१९ चा ऑगस्ट महिना आपल्यापैकी कोणीही विसरलेला नाही. पंचगंगेला महापूर आला, महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणीच पाणी असताना शहरातील नळ मात्र कोरडे राहिले. अनेक भागांत वीजही नव्हती. सर्व सुखसोयींनी युक्त अशी आपली घरे किती परावलंबी आहेत, हे त्या एका आठवड्याने दाखवून दिले.

त्याच सुमारास आमच्या घरात वडिलोपार्जित जमीन विकण्याची बोलणी चालली होती. पन्हाळा तालुक्याच्या पश्चिम भागात आमची थोडी शेती आहे. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावे. थोरले बंधू मुंबईस, धाकटा पुण्यास, मी येथे वृत्तपत्राच्या कचेरीत. "विजेचा खांब अर्धा किलोमीटर दूर, नळ नाही, घर पडके. तिथे राहणार कोण?" हा थोरल्या बंधूंचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. मी दोन वर्षांची मुदत मागून घेतली. सामाईक जमिनीवर पैसा घालण्यापूर्वी दोघांची लेखी संमतीही घेतली. पायाच्या दगडाखाली भाऊबंदकीचे बीज पुरले जाऊ नये, एवढाच हेतू.

बांधकामात फारशी अडचण आली नाही. लॉरी बेकर हे बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले वास्तुविशारद भारतात आले आणि केरळात स्थिरावले. घराचे साहित्य शक्यतो जवळच्या परिसरातून घ्यावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर आचरला. आम्हीही तेच केले. जांभ्याचे जुने चिरे, पडक्या घराचे वासे, मंगलोरी कौले आणि गावातलाच गवंडी. भिंती उभ्या राहिल्या. खरी परीक्षा पुढे होती.

एक किलोवॉटची सौर पॅनेल आणि दोन बॅटऱ्या बसवल्या. एक किलोवॉट पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. हा आकडा पाहून मी हुरळलो. फ्रीज आणला, दूरदर्शन संच आणला. उन्हाळा झकास गेला. जुलैत पावसाची झड लागली, सूर्यदर्शन दुर्मीळ झाले आणि बॅटऱ्या रोज तळापर्यंत रिकाम्या होऊ लागल्या. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अशी रिकामी झाली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दोन पावसाळ्यांत दोन्ही निकामी झाल्या. कंदील लावून बसलो असता शेजारच्या शेतातील वयोवृद्ध आबा आले. सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "भाऊ, पावसाळ्याआधी जनावरास्नी वैरण भरून ठेवतोय न्हवं आपण? मग हितं मोजून खायला नगं व्हय?"

मित्रहो, ज्या शब्दाचा मला विसर पडला होता, तो आबांनी अशा रीतीने आठवून दिला. तो शब्द म्हणजे बेगमी. आपल्या आजीच्या घरी मिरगाआधी सरपण, शेणी, धान्य, पापड, वैरण यांची बेगमी होत असे. परंतु बेगमी म्हणजे केवळ साठा नव्हे. किती दिवस पुरवायचे आहे आणि रोज किती लागते, हे आधी ठरवणे म्हणजे बेगमी. मी मात्र साधन आधी आणले आणि गरजेचा विचार मागाहून केला.

मग वही घेऊन बसलो. नऊ वॉटचे पाच दिवे पाच तास आणि तीस वॉटचे दोन पंखे आठ तास चालवले तरी दिवसाला पाऊण युनिटही लागत नाही. उलट दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासातच एक युनिट गिळतो. म्हणून पाणी तापवण्यास बंब आला, फ्रीज धाकट्याकडे पुण्यास गेला आणि नव्या बॅटऱ्या आजतागायत टिकल्या आहेत.

पाण्याचा हिशेब तर याहून बोधप्रद आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटर छप्पर आणि हजार मिलिमीटर पाऊस धरला, गळती-उडती वजा केली, तरी ऐंशी हजार लिटर हाती येते. आमच्या पश्चिम भागात पाऊस याहून पुष्कळ अधिक. जलजीवन मिशनच्या ५५ लिटर या दरडोई मानाने चार माणसांच्या घरास वर्षाला लागते तेवढेच, सुमारे ऐंशी हजार लिटर! पण हा पाऊस चार महिन्यांत येतो आणि पुरवावा लागतो बारा महिने. एवढे सगळे साठवण्याची टाकी आम्हांस परवडणारी नव्हती. म्हणून पिण्या-स्वयंपाकापुरते, रोजचे चाळीस लिटर, आठ महिन्यांसाठी साठवले. त्यास दहा हजार लिटरची टाकी पुरते. उरलेले गाळून विहिरीच्या पुनर्भरणास दिले.

येथे एक व्यावहारिक सूचना. ज्यांच्या दारात खांब आहे, त्यांनी जोडणी तोडण्याचा हट्ट धरू नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदानही वीजजाळ्याशी जोडलेल्या छतावरील संचांसाठीच आहे. आमच्यासारख्या तुटक घरांचा प्रश्न निराळा.

हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. अभियंता असलेल्या दिलीप कुलकर्णी यांनी टेल्कोतील नोकरी सोडली, विवेकानंद केंद्राचे काम केले आणि पुढे पत्नी पौर्णिमा यांच्यासह दापोली तालुक्यातील कुडावळे येथे साधेपणाने संसार मांडला. 'गतिमान संतुलन' या मासिकातून त्यांनी मांडलेला विचार गरजा कमी करण्यापासूनच सुरू होतो. आणि कोल्हापूरकरांना दूर तरी कशाला जावयास हवे? शतकापूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, ती एका संस्थानाने केलेली पाण्याची बेगमीच होती. आपले गुऱ्हाळही उसाच्याच चिपाडांवर काहील तापवते.

शेवटी आमच्या जमिनीचे काय झाले? गेल्या श्रावणात थोरले बंधू वहिनींसह चार दिवसांसाठी आले आणि आठ दिवस राहिले. झड लागली होती. तिसऱ्या रात्री त्यांनी आपण होऊन एक दिवा मालवला आणि म्हणाले, "एक पुरे आहे." जाताना विक्रीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तो कायमचा मिटला असे मी म्हणणार नाही. पण "तिथे राहणार कोण?" हा प्रश्न आता आमच्या घरात कोणी विचारीत नाही.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे अशी जमीन असेल. तेथे जाण्यापूर्वी पॅनेलचा दर विचारू नका. आधी वही उघडा आणि आपल्याला रोज किती लागते ते लिहा. घराचा पाया त्या पानावर पडतो.